“पहिल्याच आपटीत मोडतं” म्हणणाऱ्या निनावी वाचकास

“लेखकाने कधी कंट्रोलला हात तरी लावलाय का? छोटं विमान पहिल्याच आपटीत मोडतं, उसळीचं पुराण पुरे. वारा, धावपट्टीचा उतार, विमा यांवर अवाक्षर नाही.” लँडिंगच्या वेळी विमान उसळतं, त्यावरच्या माझ्या लेखावर ही तुमची प्रतिक्रिया. स्वतःचं नाव लपवायचं आणि दुसऱ्याकडे दाखला मागायचा, हे मला जमत नाही. तुम्हाला जमतं, छान.

दाखलाच हवा ना? उमेदीची वर्षं मी उजव्या, म्हणजे प्रशिक्षकाच्या सीटवर बसून विमान चालवायला शिकवण्यात घालवली. नोज व्हील (नाकाखालचं पुढचं चाक) दुमडलेली विमानं बाजूला ओढायला हात लावलाय. त्यांच्या वैमानिकांना “नक्की काय झालं?” विचारलं की बहुतेक वेळा “उसळलं, मग मी नाक खाली दाबलं” हेच ऐकलंय.

आता तुमची पहिली आपटी. अमेरिकेच्या जुन्या भाग 23 नियमांत छोट्या विमानाचं लँडिंग गिअर (चाकं आणि त्यांचे पाय) सेकंदाला 7 ते 10 फूट वेगाने खाली येणं धरून बनवायचं, म्हणजे मिनिटाला 420 ते 600 फूट. 65 नॉटने (ताशी साधारण 120 किलोमीटर) तीन अंशांच्या कोनात खाली येणारं विमान मिनिटाला साधारण 345 फुटांनी उतरतं. म्हणजे फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलून उतरणं मंदावणं) अर्धवट जमला तरी मागच्या चाकांवर टेकलात तर दात वाजतील, पण गिअर सहसा तग धरेल. हां, दहा-पंधरा फुटांवर फ्लेअर करून विमान स्टॉल केलंत (वेग इतका कमी की पंख तोलून धरत नाहीत) तर पहिल्याच दणक्यात मोडेल. तेवढं तुमचं बरोबर.

पण नेहमीचा प्रकार वेगळा. वेग थोडा जास्त असतो. दहा टक्के जास्त म्हणजे ऊर्जा एकवीस टक्के जास्त. विमान टेकतं, पुन्हा उडतं. घाबरून योक (नाक वर-खाली करायचा हातातला कंट्रोल) पुढे ढकलला की आता नोज व्हील आधी आदळतं, नाक वर फेकलं जातं, मग परत ढकललं जातं. प्रत्येक फेरीत हात अर्धा क्षण उशिरा पोचतो आणि उसळी वाढते. तिसऱ्या-चौथ्या फेरीला नोज गिअर जातं, प्रॉपेलर जमिनीला लागतो, आणि मग इंजिन उघडून तपासायचा खर्च येतो. सेसना 182 सारख्या जड नाकाच्या विमानात फायरवॉलला (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याला) सुरकुत्या पडतात. वरून विमान धडधाकट दिसतं, म्हणून पुढचा माणूस तसंच उडवतो. हे सगळं टळतं ते पहिल्या मोठ्या उसळीलाच पूर्ण पॉवर देऊन गो-अराउंड केल्याने, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर गेल्याने. याला तुम्ही पुराण म्हणता!

लेखाचं शीर्षक भडक होतं, मान्य.

विमा माझा विषय नाही. धावपट्टीचा उतार लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात आहे. तिथवर पोचला नसाल. वाऱ्याचं म्हणाल तर, झोत असतील तेव्हा झोत आणि स्थिर वारा यांतल्या फरकाचा निम्मा भाग उतरण्याच्या वेगात मिळवतात, हे पहिल्या महिन्यातला विद्यार्थीही सांगेल. पुढची प्रतिक्रिया नावानिशी आली तर उत्तर देईन.