प्रस्ताव ८ : ‘यस’ म्हणण्याची कारणं टिकत नाहीत

४ नोव्हेंबर २००८ला अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याच्या मतपत्रिकेवर प्रस्ताव ८ होता. तो मंजूर झाला तर लग्न फक्त स्त्री-पुरुषाचंच वैध, असं कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेत लिहिलं जाणार होतं आणि त्या जूनपासून समलिंगी जोडपी लग्न करत होती ते थांबणार होतं. ‘यस’ म्हणा सांगणारा एक ईमेल आपल्या इथल्या मराठी मंडळींतही जोरात फिरत होता. त्यातले दावे एकेक करून बघू.

‘देवळांना, चर्चना अशी लग्नं लावावीच लागतील.’ साफ खोटं. कुठल्याही धर्माला आपले आचार बदलावे लागणार नाहीत, श्रद्धेविरुद्ध लग्न लावायची सक्ती कुणाही धर्मगुरूवर होणार नाही, हे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी लग्नांना परवानगी देणाऱ्या १५ मे २००८च्या निकालातच लिहिलं होतं. गुरुजी नाही म्हणाले की विषय संपला.

‘शाळेत लहान मुलांना हे शिकवतील.’ प्रस्तावाचा मजकूर एका वाक्याचा होता, त्यात शाळेचं नावही नव्हतं. राज्याचे तेव्हाचे शिक्षणप्रमुख जॅक ओकॉनेल यांनीही हा दावा जाहीरपणे खोडून काढला होता. लैंगिक शिक्षणाच्या तासाला मुलांना न बसवण्याची मुभा पालकांना आजही कायद्याने आहे. आणि दोन आया किंवा दोन बाबा असलेली मुलं आपल्या मुलांच्या वर्गात आत्ताच आहेत. मुलांच्या नावाने भीती घालायची आणि ह्याच मुलांच्या पालकांना लग्न करू द्यायचं नाही, ह्याची मला चीड येते.

‘डोमेस्टिक पार्टनरशिपमध्ये (लग्नाऐवजी जोडीदार म्हणून राज्याकडे केलेल्या नोंदणीत) सगळे हक्क मिळतातच.’ राज्यापुरते बरेचसे मिळत होते, हे खरं. पण त्या नोंदणीला तेव्हा एकत्र राहत असण्याची अट होती, लग्नाला नव्हती. लग्न झालं तेव्हा नोकरीपायी एक सॅन होजेला, एक सॅन दिएगोला, अशी किती जोडपी आपल्याच ओळखीत आहेत! (ग्रीन कार्ड मात्र तेव्हा दोन्हींत मिळत नव्हतं, तिथे १९९६चा केंद्राचा कायदा आड येत होता. ती लढाई वेगळी.)

‘लग्न फक्त स्त्री-पुरुषाचं, हे २०००मध्ये ६१ टक्के लोकांनी ठरवलेलं चार न्यायाधीशांनी फिरवलं.’ हा दावा बिनतोड वाटतो, पण आपण भारतीयांनी तरी तो करू नये. ह्याच न्यायालयाने १९४८मध्ये पेरेझ खटल्यात वेगवेगळ्या वंशांच्या माणसांनी लग्न करण्यावरची बंदी उठवली, तीही अशीच चार विरुद्ध तीन मतांनी. त्यानंतर दहा वर्षांनी गॅलप ह्या जनमत चाचणी घेणाऱ्या संस्थेने विचारलं, तेव्हाही गोऱ्या-काळ्यांच्या लग्नांना पसंती होती जेमतेम ४ टक्क्यांची. तेव्हा मतदान घेतलं असतं तर काय झालं असतं? त्या बंदीच्या काळात कॅलिफोर्नियातल्याच इम्पीरियल व्हॅलीतल्या पंजाबी शेतकऱ्यांना गोऱ्या बाईशी लग्न करता येत नव्हतं. त्यांतल्या अनेकांनी मेक्सिकन बायकांशी संसार थाटले. त्यांची जमीनही गेली, आणि ती मतपेटीतूनच. ज्यांना नागरिक होता येत नाही त्यांना शेतजमीन घेऊ न देणारा कायदा १९२०मध्ये इथल्या मतदारांनी भल्या मोठ्या बहुमताने आणखी कडक केला. १९२३मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीय माणूस नागरिकत्वाला अपात्र ठरला आणि तो कायदा आपल्या लोकांनाही लागू झाला. अखेर १९५२मध्ये तो रद्द केला तो राज्याच्या ह्याच सर्वोच्च न्यायालयाने.

मतपत्रिकेवर ‘यस’ म्हणजे बंदी होती. लग्नाचा हक्क राहावा असं ज्याला वाटत होतं त्याने खूण ‘नो’वर करायची होती. ग्रीन कार्डवाल्यांना मत नव्हतं, पण घरात इथे जन्मलेली, अठरा पूर्ण झालेली मुलं असतील तर त्यांच्याशी बोलता येत होतं.