मडकं, राळे आणि कॅप्सूल : पोपट पाळण्याचा चुकीचा सल्ला

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप फिरतोय : "मुलांचा मोबाईल सोडवायचाय? लव्हबर्डची जोडी आणा. छोटा पिंजरा, झोपायला मडकं, राळे-पाणी, बस. बोलणारा हवा तर पहाडी पोपटाचं पिल्लू घ्या, मिरची द्या. आजारी पडला तर पाण्यात कॅप्सूल. कंटाळलात तर सोडून द्या, पुण्य लागेल." यातलं जवळपास प्रत्येक वाक्य पक्ष्याच्या जिवावर उठणारं आहे.

दुकानात 'लव्हबर्ड' म्हणून मिळतो तो बहुतेकदा बजरीगर, म्हणजे बजी. ऑस्ट्रेलियातला छोटा पोपट, वजन जेमतेम ३० ते ४० ग्रॅम. तो पाळायला कायद्याची आडकाठी नाही. पहाडी पोपट किंवा विद्यापीठाच्या झाडांवर दिसणारा साधा हिरवा पोपट मात्र पकडणं, विकणं, पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मिरचीचं म्हणाल तर पक्ष्यांना तिखट झोंबतच नाही. बोलणं सोबतीतून, पुन्हा पुन्हा ऐकून येतं.

सगळ्यात घातक सल्ला मडक्याचा. बजी झोपतो फांदीवर. मडकं म्हणजे त्याच्या लेखी घरटं. ते टांगलं की मादी अंड्यावर येते. दिवसाआड एक, अशी साधारण चार ते सहा अंडी, मग १८ दिवस उबवणं. घाबरून अंडी फेकलीत तर ती पुन्हा घालते. दर कवचामागे तिच्या हाडांतलं कॅल्शियम खर्ची पडतं आणि नुसत्या राळ्यांतून ते भरून निघत नाही. शेवटी अंडं अडकतं : मादी पिसं फुगवून तळाशी बसते, कुंथते, श्वासागणिक शेपूट वरखाली होते. तेल लावत, पोट दाबत बसू नका. ऊब द्या आणि त्याच दिवशी पक्ष्यांचे आजार जाणणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. मडकं आधीच टांगलं असेल आणि ताजी अंडी असतील, तर ती उकडून, गार करून परत ठेवा. मादी कंटाळून उठली की मडकंच काढा. पिंजऱ्यात कॅल्शियमसाठी समुद्रफेस (कटलफिश या समुद्री जीवाचं पांढरं हाड) कायम हवा.

"राळे-पाणी बस" यात दोन फसगती आहेत. बजी दाणा सोलून खातो आणि टरफल वाटीतच टाकतो. वाटी भरलेली दिसते, पक्षी उपाशी असतो. म्हणून रोज टरफलं फुंकून टाका. दुसरं, नुसत्या दाण्यांवर यकृतात चरबी साठते आणि अ जीवनसत्त्व कमी पडतं. कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर रोज ठेवा. नवं खाणं तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवा; रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा. ३५ ग्रॅमचा पक्षी ३२ च्या खाली गेला, तर नेहमीचे दाणे परत सुरू करा. ॲव्होकॅडो, चॉकलेट, चहा बिलकूल नको.

पिंजरा उंच किंवा गोल नको, लांब हवा. बजी आडवा उडतो. जोडीला किमान ६० सेंटीमीटर लांबी, गजांत सव्वा सेंटीमीटरपेक्षा जास्त फट नको. बसायला प्लास्टिकच्या दांड्याऐवजी पेरूच्या कमी-जास्त जाडीच्या फांद्या. एकाच जाडीवर बसून तळपाय सुजतात. पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नका. नॉनस्टिक तवा रिकामा तापला की त्याच्या वाफेनं पक्षी काही मिनिटांत मरतो. डासांची कॉइल, उदबत्ती, दिवाळीतला फटाक्यांचा धूरही त्याला बाधतो.

कॅप्सूलबद्दल : आजारी पक्षी पाणी कमी पितो, कडू पाणी तर टाळतोच. डोस पोटात जात नाही आणि उपचाराचा वेळ वाया जातो. आजार लपवणं हा पक्ष्यांचा स्वभाव आहे. तो सुस्त दिसेपर्यंत दुखणं बरंच पुढे गेलेलं असतं. विष्ठा कोरडी झाडू नका. कागद ओला करून गुंडाळा, कारण त्या धुळीतून माणसाला न्यूमोनिया होऊ शकतो.

आणि पक्षी सोडून पुण्य लागण्याचं काय? पिंजऱ्यात वाढलेल्या बजीला बाहेर दाणा शोधता येत नाही, कावळे आणि शिक्रे त्याला टिपतात. नको झाला तर पक्षी सांभाळणारं घर शोधून द्या. घरात देशी पोपट असेल तर तोही खिडकीतून सोडू नका. त्याचे पंख बहुधा कापलेले असतात. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.