घसरतोय फोकसर, आणि मला सांगतात बॅकलॅशचा आकडा वाढवा

स्क्रीनवर फोकसरचा, म्हणजे दुर्बिणीवरचा कॅमेरा आतबाहेर सरकवून चित्र स्पष्ट करणाऱ्या भागाचा, आकडा होता १२,४८०. ऑटोफोकस पूर्ण झाल्याची हिरवी खूण आलेली. आणि त्यानंतरच्या चाळीस फोटोंतला एकूण एक तारा फुगलेला! प्रत्येकी तीन मिनिटांचे चाळीस फोटो, म्हणजे दोन तास. चंद्र नसलेली स्वच्छ रात्र, देवयानी दीर्घिका अगदी वर आलेली, दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवणारा माउंट डोळ्यांत भरावं असं ट्रॅकिंग करतोय, आणि तो सगळा डेटा थेट कचऱ्यात. अशी ही चौथी रात्र. डोक्यात नुसती तिडीक गेली आहे.

माझा फोकसर क्रेफर्ड पद्धतीचा, वर स्टेपर मोटर, म्हणजे मोजून पावलं टाकत फिरणारी मोटर, बसवलेली. क्रेफर्डमध्ये दात नसतात. ड्रॉट्यूब, म्हणजे कॅमेरा धरणारी सरकती नळी, चार बेअरिंगवर टेकलेली असते आणि दुसऱ्या बाजूने एक गुळगुळीत शाफ्ट तिच्या सपाट पट्टीवर दाबून धरलेला असतो. शाफ्ट फिरला की घर्षणाने ट्यूब सरकते. ही युक्ती जॉन वॉल नावाच्या ब्रिटिश हौशी खगोलप्रेमीची. त्याने पेटंट घेतलं नाही, सगळ्यांना मोकळेपणाने वापरू दिली. त्या माणसाबद्दल मला आदरच आहे. पण ती युक्ती डोळ्याने बघायच्या आयपीससाठी होती. आज त्याच घर्षणावर गार केलेला कॅमेरा, फिल्टर व्हील, ट्रॅकिंगवर नजर ठेवणारा ऑफ ॲक्सिस गायडर आणि कडेचे तारे नीट ठेवणारं भिंग, म्हणजे फ्लॅटनर, असा अडीच किलोंचा ऐवज लटकतो. वर मोटर लावून ती ‘अचूक’ म्हणून विकतात. चीड येते ती याची.

मोटरला काय कळतं? आपण किती पावलं टाकली एवढंच. ट्यूब खरंच सरकली का, हे बघणारा कुठलाही सेन्सर माझ्या फोकसरमध्ये नाही. शाफ्ट जागच्या जागी घसरला तरी मोटर म्हणणार हजार पावलं झाली, आणि सॉफ्टवेअर ते खरं मानणार. एफ/५ च्या (भिंगाच्या व्यासाच्या पाचपट फोकल लांबी असलेल्या) दुर्बिणीला हिरव्या प्रकाशात फोकसची जी पट्टी चालते, तिची रुंदी सगळी मिळून साधारण ६७ मायक्रॉन. केसाच्या जाडीएवढी. तिथे पाव मिलिमीटर घसरलं की संपलंच सगळं.

तक्रार केली की सगळीकडून एकच उत्तर येतं: सॉफ्टवेअरमधला बॅकलॅशचा आकडा वाढवा. विक्रेत्याने तेच सांगितलं, अनुभवी म्हणवणाऱ्यांनीही तेच. अहो, घसरणं म्हणजे बॅकलॅश नव्हे! बॅकलॅश म्हणजे दिशा बदलताना गिअरमधली ढिलाई भरून निघेपर्यंत वाया जाणारी पावलं. ती दर वेळी जवळपास तेवढीच असतात, म्हणून आकडा टाकून भरून काढता येतात. घसरण दर वेळी वेगळी. दुर्बीण आडवी असेल तर शून्य, वर वळली की भरपूर, थंडी वाढली की आणखी निराळी, आणि प्रत्येक हालचालीगणिक साचत जाणारी. तिला कोणता आकडा टाकायचा? चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायचा हा प्रकार आहे.

तरी मी तो आकडा १०० केला, २०० केला, ४०० केला. फोकसर सरकेल तसा तारा किती फुगतो हे दाखवणारा ऑटोफोकसचा आलेख सरळ व्ही आकाराचा यायला हवा, तो एका बाजूने फेंगडाच राहिला. तीन रात्री या सल्ल्यापायी गेल्या.

शेवटी दिवसाउजेडी सगळं उलगडून बसलो. आधी पाहिला मोटर आणि शाफ्ट यांना जोडणारा कपलर. पेन्सिलने शाफ्टवर आणि कपलरवर सलग एक रेघ मारली, मोटर पुढेमागे पळवली, आणि रेघ तुटली. कपलरचे ग्रब स्क्रू, म्हणजे डोकं नसलेले छोटे स्क्रू, गोल, चकचकीत शाफ्टवर टेकवलेले! त्यांच्या टोकांनी शाफ्टवर एक बारीक गोल चर पाडली होती आणि त्या चरीतूनच ते फिरत होते. शाफ्टला एका बाजूने सपाट घासून दिलं असतं तर स्क्रू पक्का बसला असता. कारखान्यात दोन मिनिटांचं काम, ते मी कानस घेऊन घरी केलं. चुरा बेअरिंगमध्ये जाऊ नये म्हणून शाफ्ट बाहेर काढून घासावा लागतो, हे ज्याला करायचं असेल त्याने लक्षात ठेवा. स्क्रूला तो सैल होऊ न देणारा थ्रेडलॉकर लावला, ऍलन कीने आवळला. रेघ जुळली.

रात्री दुर्बीण वर वळवली आणि ये रे माझ्या मागल्या! कपलर पक्का, पण आता शाफ्टच ट्यूबवर घसरत होता.

मग व्हर्निअर कॅलिपर काढला. माझ्याकडे एक पाऊल म्हणजे चार मायक्रॉन, म्हणजे हजार पावलांना ४ मिलिमीटर सरकायला हवं. दुर्बीण आडवी ठेवून मोजलं: आत ४.०, बाहेर ४.०. दुर्बीण सरळ वर धरून मोजलं: खाली येताना ४.०, आणि कॅमेऱ्याचं वजन उचलत आत जाताना ३.१. जवळजवळ एक मिलिमीटर हवेत! पुन्हा मोजलं तर ३.३, मग २.९. पाहा आता, याला बॅकलॅश म्हणायचं?

पट्टी पुसली तर कापसावर ग्रीस आलं. ज्या पृष्ठभागाचं सगळं कामच घर्षणाचं, त्यावर कुणीतरी ग्रीस फासून पाठवलं होतं. माझा इतका संताप झाला की कापूस फेकून दिला आणि दहा मिनिटं हात लावला नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने शाफ्ट आणि पट्टी लख्ख पुसल्यावर ३.१ चे ३.७ झाले. म्हणजे ग्रीसचा वाटा मोठा होता, पण सगळा नव्हता.

उरलं टेन्शन. खालचा टेन्शन स्क्रू पाव फेरा आवळला तर घसरण थांबते, पण मग मोटर अडखळते, कर्रर्र आवाज करते आणि पावलंच गाळते. म्हणजे पुन्हा आकडा खोटा. अजून आवळलं तर शाफ्टने मऊ ॲल्युमिनियमच्या पट्टीवर खड्डा पाडायची भीती. सैल सोडलं की घसरण. मधली जागा शोधायला एक अख्खा दिवस गेला, आणि ती जागा रात्री गारव्यात हलली. गारव्याचं तर आणखी एक: अर्ध्या मीटरची ॲल्युमिनियमची नळी तापमान सहा अंशांनी उतरलं की सुमारे ७० मायक्रॉन आखडते, त्यामुळे रात्रीतून फोकस परत परत करावाच लागतो. आणि प्रत्येक वेळी करताना घसरणार.

खोक्यावर छापलंय, ‘भारक्षमता ४ किलो’. कोणत्या कोनात? मोटर लावून की हाताने धरून? आकाशातल्या चांगल्या गोष्टी डोक्यावर असताना टिपायच्या असतात, हवेचा थर तिथेच सगळ्यात पातळ असतो. आडव्या दुर्बिणीत चार किलो पेलले तर मला त्याचा काय उपयोग? सरळ उभ्या दुर्बिणीत, मोटर चालू असताना किती उचलतं, तो आकडा छापा. तो दीड किलो असला तरी चालेल, मी त्याप्रमाणे दात असलेला रॅक अँड पिनियन घेतला असता आणि त्याचा बॅकलॅश आनंदाने सांभाळला असता.

ही सगळी मोजमापं, कॅलिपरच्या फोटोंसकट, विक्रेत्याला पाठवली. काल उत्तर आलं: बॅकलॅश ६०० करून पाहा. आज तेच फोटो तिसऱ्यांदा पाठवले आहेत, ३.१ या आकड्याभोवती लाल गोल करून.