जर्मन लोकांचं 'गाव' मुलांना कसं दाखवायचं?

मागच्या आठवड्यात एका शाळेने 'जर्मन डे'साठी पाहुणी म्हणून बोलावलं होतं. काळ्या-लाल-सोनेरी पताका, पुठ्ठ्याचं ब्रांडेनबुर्ग गेट, टेबलावर ब्रेझेल, भिंतीवर मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यूची चित्रं. मुलग्यांनी चामड्याच्या चड्ड्या म्हणून तपकिरी कागद कापून कमरेला लावलेला. मुलांनी मेहनत खूप घेतली होती आणि त्यांचं मनापासून कौतुक केलं. पण परत येताना रिक्षात मन लागेना. अठरा वर्षं पुण्यात शाळकरी मुलांना जर्मन शिकवते आहे. जे आज डोक्यात आहे ते सविस्तर लिहिते. पोस्ट मोठी होणार आहे.

त्या चामड्याच्या चड्ड्या बव्हेरियाच्या आणि आल्प्सकडच्या लोकांच्या. जर्मनीत १६ राज्यं आहेत. हॅम्बुर्गचा माणूस भेटल्यावर 'मोइन' म्हणतो, म्युनिकचा 'ग्र्यूस गॉट'. उत्तरेकडची जुनी बोली दक्षिणेतल्या माणसाला धड कळतही नाही. पूर्वेला लाउझिट्समध्ये सोर्ब लोक आहेत, त्यांची भाषा स्लाव्ह कुळातली, आणि बाउट्सेन गावात रस्त्यांच्या पाट्या दोन भाषांत लावलेल्या असतात. परदेशातल्या एखाद्या शाळेने सगळ्या मुलांना भांगड्याचे कपडे घालून 'ही भारताची संस्कृती' असं सांगितलं, तर आपल्याला कसं वाटेल?

मी आठवीच्या वर्गात सुरुवात एका शब्दापासून करते. हायमाट. याला 'मातृभूमी' म्हणून मोकळं होता येत नाही, कारण हायमाट म्हणजे देशच असं नाही. दोन मराठी माणसं भेटली की दुसरा-तिसरा प्रश्न येतोच, "तुमचं मूळ गाव कुठलं?" कोथरूडच्या फ्लॅटमध्ये जन्मलेलं पोरही पटकन सांगतं, "आमचं गाव वाईजवळ." तिथे ते वर्षातून चार दिवस जातं, तरी गाव तेच. हायमाट याच्या फार जवळ आहे. एवढं कळलं की पुढचं सांगता येतं. दुसऱ्या महायुद्धानंतर सायलेशिया, पूर्व प्रशिया, सुडेटनलँड अशा भागांतून सुमारे १ कोटी २० लाख जर्मनांना घरदार सोडून यावं लागलं, त्यांची गावं दुसऱ्या देशांत गेली. याच शब्दाचा नाझींनी पुरेपूर वापर केला, हेही मी सांगते. आणि पूर्व जर्मनीतले लोक तर घरातून हललेही नाहीत, तरी ३ ऑक्टोबर १९९० रोजी दोन्ही जर्मनी एक झाल्या आणि त्यांचा देश नकाशावरून गेला. आजोबांचं गाव धरणाखाली गेलेली एक मुलगी वर्गात होती. त्या दिवशी ती तासभर बोलत होती, आणि मी तिला थांबवलं नाही.

भाषेतून तर मराठी मुलांना जर्मन घराचं दार आपोआप उघडतं. इंग्रजीतून शिकवलं की मुलं डेर-डी-डासला घाबरतात. मराठीतून सांगा, तो-ती-ते. तीन लिंगं आपल्याकडे आहेतच. जर्मन माणूस एकवीस म्हणताना आधी एक म्हणतो, मग वीस. आपणही तेच करतो. मुलगी या अर्थाचा 'मेडशेन' हा शब्द नपुंसकलिंगी, यावर दर वर्षी वर्गात कालवा होतो. एका वर्षी कुडाळकडची एक विद्यार्थिनी उठली आणि म्हणाली, "मॅडम, त्यात काय? आमच्या मालवणीत चेडू नपुंसकलिंगीच असतं. आजी मला 'ता'च म्हणते." वर्ग गप्प. व्याकरणाचा तो धडा मला पुन्हा शिकवावा लागला नाही.

ग्रिम बंधूंच्या गोष्टी सगळ्यांना माहीत असतात. त्यांच्या शब्दकोशाची गोष्ट मात्र मुलांना कुणी सांगत नाही. याकोब आणि विल्हेल्म यांनी १८३८ मध्ये काम हाती घेतलं, पहिला खंड १८५४ चा. १८६३ मध्ये याकोब गेले तेव्हा 'फ्रुख्ट' म्हणजे फळ या शब्दापर्यंत पोहोचले होते. पुढे पिढ्यान्‌पिढ्या विद्वान ते काम ओढत राहिले. देशाची फाळणी झाल्यावरही पूर्व बर्लिन आणि पश्चिमेतलं ग्यॉटिंगन, दोन्हीकडची माणसं त्याच कोशावर काम करत होती. १९६१ च्या जानेवारीत तो पुरा झाला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. जर्मन माणसाची चिकाटी मोटारीच्या इंजिनापेक्षा मला इथे जास्त दिसते.

आता अवघड भाग. दर वर्षी एखादा तरी मुलगा म्हणतोच, "हिटलर भारी होता ना मॅडम? काय शिस्त होती!" हे तो घरी किंवा मोबाईलवर ऐकून आलेला असतो. आपल्याकडे फुटपाथवर त्याचं पुस्तक व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी मांडलेलं असतं. काही सहकारी म्हणतात, लहान मुलं आहेत, कशाला तो विषय, आपण सण आणि खाद्यपदार्थ घेऊ. मला हे मुळीच मान्य नाही. जर्मन लोक स्वतःच्या मुलांपासून हे लपवत नाहीत, मग आपण कोण लपवणारे?

मी पिवळ्या चकचकीत कागदाचा १० सेंटिमीटरचा चौकोन कापते आणि वर्गाच्या उंबऱ्यापाशी जमिनीवर चिकटवते. जर्मनीत रस्त्यावरून चालताना असे पितळी चौकोन फरसबंदीत बसवलेले दिसतात. नाव 'श्टोल्परश्टाइन', म्हणजे ठेच लागायचा दगड. गुंटर डेमनिग या कलावंताने १९९० च्या दशकात हे सुरू केलं. आज युरोपभर असे १ लाखाहून जास्त दगड आहेत. नाझींच्या छळाला बळी पडलेला माणूस स्वतःच्या मर्जीने शेवटचा जिथे राहत होता, त्या घरासमोर दगड बसवतात. त्यावर लिहिलेलं असतं, 'इथे राहत होती', मग नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे नेलं, पुढे काय झालं. अक्षरं बारीक, वाचायला वाकावं लागतं. नावं शोधून काढायचं काम अनेक ठिकाणी शाळेतली मुलंच करतात. पितळ काळं पडतं, म्हणून ९ नोव्हेंबरच्या सुमाराला लोक गुडघे टेकून ते घासतात. १९३८ मध्ये त्या रात्री ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळली गेली. १९८९ मध्ये त्याच तारखेला बर्लिनची भिंत उघडली.

"चिंच लावून घासतात का मॅडम? आमची आजी देवाची भांडी तशीच घासते," एका मुलाने विचारलं. 'हिटलर भारी' म्हणणारा तोच. नंतर आठवडाभर वर्गातली मुलं तो कागद ओलांडून आत येत होती. कुणी पाय दिला नाही.

इथेच मी इरावती कर्व्यांना आणते. १९२० च्या दशकाच्या शेवटी त्या बर्लिनमध्ये पीएच.डी. करत होत्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर पुढे नाझींच्या वंशशास्त्राचे मोठे आधार ठरले. गोऱ्या युरोपीय माणसाची कवटी इतरांपेक्षा वेगळ्या प्रमाणात असमान असते, असा फिशर यांचा कयास होता. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाचा त्याच्याशी संबंध दिसत नाही असं लिहून दिलं. परक्या शहरात, गुरूच्या मताविरुद्ध, विशीतल्या मराठी बाईने. पुण्यातल्या मुलांना जर्मनीची ओळख करून देताना ही गोष्ट नसेल, तर आपण काहीतरी फार मोलाचं विसरतो आहोत.

हे सगळं आत्ता का लिहिते? २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, परिचारिका अशी कामं. तेव्हापासून पालक विचारतात, "मॅडम, बी-वनला किती महिने लागतील?" बी-वन म्हणजे जर्मन भाषेची मधली पातळी. प्रश्न रास्त आहे, पोटाचा आहे. शाळेत आतापर्यंत जर्मन म्हणजे स्कोरिंग विषय होता, आता तो व्हिसाचा विषय झाला. पण ही मुलं उद्या तिथे राहणार आहेत. रविवारी दुकानं बंद का, संध्याकाळी सहाला थंड पाव-चीज खाऊन जेवण झालं असं कसं म्हणतात, शेजारी पहिल्याच दिवशी घरात का बोलावत नाहीत, हे कळलं नाही तर चांगली भाषा येऊनही मूल एकटं पडेल. माझे दोन माजी विद्यार्थी असे पडले, मी त्यांचे रात्रीचे फोन घेतले आहेत.

म्हणून शिक्षकांना कळकळीने सांगते, 'जर्मन डे' जरूर करा, पण तो एका दिवसात उरकू नका. दिवाळीच्या आगेमागे, ११ नोव्हेंबरला, संत मार्टिनचा दिवस येतो. थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा अर्धा कापून देणारा रोमन सैनिक. त्या संध्याकाळी जर्मन मुलं हाताने केलेले कागदी कंदील काठीला लावून रस्त्याने गात जातात, पुढे घोड्यावर मार्टिन असतो. आमच्या वर्गात मी या वर्षी घरचे जुने आकाशकंदील आणायला सांगितले आहेत. फाटलेले चालतील. पतंगाचा कागद आणि खळ मी नेणार आहे.