रूटला मज्जाव

पोस्टग्रेस या डेटाबेसच्या रिग्रेशन टेस्ट (नव्या बदलांनी जुनं काही मोडलं नाही ना, हे बघणाऱ्या चाचण्या) चालवायला अ‍ॅडमिनचे हक्क लागत नाहीत. लिनक्सवर रूट, म्हणजे तिथला अ‍ॅडमिन, म्हणून चालवायला गेलात तर हा डेटाबेस सरळ हाकलून देतो. हे मी ऑफिसातल्या सपोर्टच्या साहेबांना कालपासून सांगतोय आणि ते ‘बिचाऱ्याला घरी काही टेन्शन असेल’ अशा नजरेने माझ्याकडे बघतायत.

मागणं फुटकळ होतं. टेस्ट सुरू करायची कमांड ‘मेक चेक’. ती दिली की एका वेळी २० पर्यंत टेस्ट सुटतात. प्रत्येकीमागे एक सर्व्हरची प्रोसेस, एक पीएसक्यूएलची (सर्व्हरशी बोलणारा प्रोग्राम), म्हणजे झाल्या ४०. आमच्या मशीनवर एका युजरला एवढ्यांची मुभा नाही. ती मर्यादा ५० च्या वर न्या, बस. पण तिकिटाच्या फॉर्मवर असा पर्यायच नाही. जवळपास जाणारा एकच : ‘अ‍ॅडमिन हक्क हवेत’.

साहेब जातीने आले. माझीच खुर्ची ओढून बसले.

“सर, तुम्हाला अ‍ॅडमिन पाहिजे.”

“नकोय हो.”

“सगळ्यांना पाहिजेच असतं.”

“अहो, अ‍ॅडमिनने ते चालतच नाही.”

“अ‍ॅडमिनने चालत नाही असं जगात काही नसतं, सर.”

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी गच्चीच्या किल्लीबद्दल अगदी याच सुरात बोलतात. गच्ची सगळ्यांची, मेंटेनन्स सगळे भरतात, पण पापड वाळत घालायचे तर आधी अर्ज. असो.

साहेबांनी एका हाताने कीबोर्ड झाकून दुसऱ्या हाताने पासवर्ड टाकला. मी सभ्यपणे छताकडे बघत राहिलो. सुडो मेक चेक, म्हणजे तीच कमांड, पण रूटच्या हक्काने. ओळी सरसर धावल्या, साहेब माझ्याकडे बघून हसले, आणि खाली उमटलं : इनिटडीबी (टेस्टसाठी नवा डेटाबेस मांडणारा प्रोग्राम) फेल्ड, कारणासाठी लॉग बघा. लॉग उघडला. त्यात स्वच्छ लिहिलेलं, रूट म्हणून चालवता येणार नाही, साध्या युजरने लॉगिन करा.

“तुमचं सॉफ्टवेअर करप्ट आहे, सर. परत डाउनलोड करा.”

मी समजावलं, की डेटाबेसमध्ये कुठे भोक सापडलं तरी घुसणाऱ्याच्या हाती अख्खं मशीन लागू नये, म्हणून मुद्दाम ही अट घातलीय.

“मग तसं लिहायला पाहिजे ना त्यांनी.”

“लिहिलंय की! समोर!”

“ते एररमध्ये लिहिलंय. एरर कोण वाचतं?”

ते गेले. तिकिटावर शेरा पडला : ‘युजरकडची अडचण. निकाली.’ पाठोपाठ, सेवेला किती तारे द्याल, अशी विचारणा.

शेवटी मॅक्स_कनेक्शन्स १० वर बांधून, म्हणजे एका वेळी दहाच सोडून, टेस्ट हळूहळू चालवता येतात, तेच करायचं ठरवलं. तर तेही होईना. साहेबांच्या सुडोने माझ्या फोल्डरात रूटच्या मालकीचं टीएमपी_इन्स्टॉल (टेस्टपुरत्या इन्स्टॉलेशनचा फोल्डर) बसवून ठेवलेलं. टेस्टच्या आधी जुनं पुसावं लागतं, आणि मी पुसायला गेलो की ‘परमिशन डिनाइड’. माझ्या फोल्डरात! मला! आता मात्र खरोखरच अ‍ॅडमिन हवा, आणि तेवढ्यासाठी पुन्हा तिकीट, पुन्हा साहेब, पुन्हा माझी खुर्ची.

त्यापेक्षा त्या फोल्डरचं नाव बदललं. युनिक्सची ही एक मेहेरबानी आहे : बाहेरचा फोल्डर आपला असेल, तर आतल्या परक्या फोल्डरला पुसता आलं नाही तरी नवं नाव देता येतं. टेस्ट सगळ्या पास झाल्या. तो फोल्डर अजून तिथेच पडलाय, साहेबांच्या पूर्ण नावासकट. आडनावापुढे मी ‘_करप्ट’ही जोडलंय.