पोल्काचं ग्रॅमी बंद केलं ते चुकलंच

अमेरिकेत क्लीव्हलंडला राहायला आले तेव्हा पोल्का, म्हणजे युरोपातून आलेलं हे नाचाचं संगीत, ढुमढाक लग्नातलं असतं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मग शेजारचे आजोबा एका रविवारी दुपारी इथल्या स्लोव्हेनियन लोकांच्या हॉलमध्ये घेऊन गेले. अगदी पुढे बसलो होतो, आणि वाजवणाऱ्याने बटन बॉक्सचा, म्हणजे बटणांच्या अकॉर्डियनचा, भाता उघडला ना, तो हवेचा आवाज ऐकून माझे डोळेच भरून आले, कारण आजीच्या भजनाची पेटी अशीच श्वास घ्यायची. दोन्हीत हवेने थरथरणाऱ्या धातूच्या पट्ट्याच की, नात्यातलीच वाद्यं ती.

ह्या संगीताला ग्रॅमीत स्वतःची कॅटेगरी होती हो! १९८६ ला पहिलं अवॉर्ड इथल्याच फ्रँकी यांकोविचना मिळालं. आजोबांकडे त्यांच्या एलपी आहेत, कव्हरचे कोपरे सेलोटेपने चिकटवलेले. आणि २००९ ला ग्रॅमी देणाऱ्या रेकॉर्डिंग अकॅडमीने कॅटेगरीच काढून टाकली, म्हणे अवॉर्ड्स आजच्या संगीताशी जुळते राहायला हवेत.

पोल्का बँडवाले जिमी स्टर यांना एकट्याला १८ ग्रॅमी मिळाले हे खरंय, आणि त्यावरून पोल्कावाल्यांमध्येच कुरबूर होती. ते उत्तम वाजवतात, त्यांच्यावर राग नाहीच. पण त्यांची ईस्टर्न स्टाइल, फास्ट आणि बिग बँडसारखी बांधलेली. शिकागोवाले पोलिश लोक कॉन्सर्टिना (भात्याचंच एक वाद्य) आणि ट्रम्पेट घेऊन जरा संथ, मोकळं वाजवतात, आमच्या क्लीव्हलंडचा बाज आणखी वेगळा, त्यात बँजोसुद्धा असतो. मत देणाऱ्या सगळ्यांना हा फरक कुठून कळणार, ओळखीचं नाव दिसलं की टिक करणारच माणूस. म्हणजे मतदानाची पद्धत सुधारायची गरज होती, तुम्ही घरच पाडलंत!

आता पोल्का 'रीजनल रूट्स' ह्या प्रादेशिक लोकसंगीताच्या कॅटेगरीमध्ये आहे, तिथे हवाईचं संगीत, लुईझियानाची झायडेको आणि केजन ही लोकसंगीतं, सगळे एकाच पंगतीत. २०१२ ला पहिल्याच वर्षी स्टर यांना नॉमिनेशन होतं, अवॉर्ड न्यू ऑर्लिन्सच्या रिबर्थ ब्रास बँडने नेलं. तो बँड भारीच आहे, वादच नाही, पण लावणी आणि बंगालचं बाउल एका तराजूत घालून कोण सरस ते कसं ठरवायचं सांगा मला?

त्या हॉलमध्ये वाजवणारे बहुतेक लोक आठवडाभर दुसरी नोकरी करून शनिवार-रविवारी वाजवतात, सीडी स्वतःच्या पैशाने काढतात. त्यांना ग्रॅमीने श्रीमंत केलं नसतंच, पण नॉमिनेशन आलं की गावाबाहेरचं कोणीतरी पहिल्यांदा ती सीडी ऐकायचं. कॅटेगरी परत द्या, आणि तिन्ही स्टाइल कळणारी माणसं निवडीला बसवा.

येत्या रविवारी आजोबांबरोबर परत जातेय, ह्या वेळी लेकीलाही नेणार.