रुग्ण कुणाला धरलं, तेही छापा

आमच्या नाशिकच्या घरच्या ग्रुपवर कोविडचा विषय निघाला की आजही दोन तट पडतात. एक म्हणतो, सरकारने मृत्यू लपवले. दुसरा म्हणतो, दवाखान्यांनी पैशांपायी साध्या तापालाही कोविड ठरवलं. इंग्लंडमधून हे वाचताना मला दोघांनाही विचारावंसं वाटतं : मोजताना कोविडचा रुग्ण कुणाला धरलं होतं?

इथेही घोळ कमी नव्हता. सुरुवातीला पॉझिटिव्ह आलेला माणूस पुढे कधीही, कशानेही गेला तरी इंग्लंडच्या कोविड-मृत्यूंत जमा व्हायचा. ऑगस्ट 2020 मध्ये पॉझिटिव्ह आल्यापासून 28 दिवसांत गेलेलेच धरायचे, अशी मर्यादा घातली आणि एकूण आकडा एकदम पाच हजारांहून जास्त खाली आला. पाय मोडून दाखल झालेला, पण तपासणीत पॉझिटिव्ह निघालेला माणूसही कोविडचाच रुग्ण मोजला जाई. 2021 मध्ये एनएचएसने, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेने, मुख्यतः कोविडसाठीच उपचार घेणारे किती, हे वेगळं द्यायला सुरुवात केली. भांडणं चालूच राहिली, पण ती नेमकी कशावरून आहेत हे सामान्य माणसालाही कळू लागलं.

आमच्याकडे दुसऱ्या लाटेत नेमकं उलटं झालं. सिडकोतल्या माझ्या मामांची आरटीपीसीआर निगेटिव्ह, एचआरसीटीचा, म्हणजे छातीच्या स्कॅनचा स्कोअर मात्र 25 पैकी 18. कोविड वॉर्ड, ऑक्सिजन, रेमडेसिविर, सगळं झालं. मृत्यूच्या कारणाचा जो दाखला डॉक्टर भरतात, त्यात पहिल्या ओळीत 'श्वसनक्रिया निकामी'. ती कशामुळे, हे लिहायची खालची ओळ कोरी. सप्टेंबर 2021 च्या केंद्राच्या सूचनांत डॉक्टरांनी तपासण्यांवरून केलेलं निदानही ग्राह्य धरलं, म्हणून मामींना 50,000 रुपयांच्या मदतीसाठी जिल्ह्याच्या समितीकडे दाद तरी मागता आली. पण नवरा कोविडने गेला हे सिद्ध करायला त्या बाईला फायली घेऊन फिरावं लागलं, याचा मला आजही राग येतो.

आणि 21 एप्रिल 2021? नाशिकच्या झाकिर हुसेन रुग्णालयातली ऑक्सिजनची टाकी गळली, दाब घसरला आणि त्या दिवशी 22 रुग्ण गेले. ते कोविडचेच रुग्ण होते, पण त्यांना नुसतं कोविडच्या रकान्यात टाकलं तर गळती दिसेनाशी होते. माझ्या मते त्यांची नोंद दोन्हीकडे हवी : आजार कोणता आणि जीव कशाने गेला.

पुढची साथ येण्याआधी महापालिकेने एवढं ठरवून जाहीर करावं : पॉझिटिव्ह किती, डॉक्टरांच्या निदानावरचे किती, दुसऱ्याच कारणाने दाखल झालेले किती. आणि खालची ओळ कोरी असलेला दाखला नोंदणी करणाऱ्याने त्याच दिवशी दवाखान्याकडे परत पाठवावा.